पंचेचाळीस किलोचा गट

रविवार, ११ जानेवारी १९९८, सायंकाळी सव्वासात.

प्रिय तात्या,

मुलांचे बनियन धुऊन दोरीवर टाकले आणि लिहायला बसलो. तुम्ही गेल्यावर दोन वर्षं मी आपला कबड्डी संघ सांभाळतो आहे. आजचं मात्र तुमच्याशिवाय कुणाशी बोलावं कळेना.

आज नेवाशाला सामने होते, पंचेचाळीस किलो गटाचे. योहान आठवतो ना? तुम्ही त्याला चढाई शिकवलीत तेव्हा दहा वर्षांचा होता, आता तेरा. परवा तो सेहेचाळीस किलो भरला. मी तुमचीच रीत धरली. काल रात्री जेवण बंद, आज सकाळपासून पाणी बंद, अंगात दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या.

वजनाच्या रांगेत त्याने पाणी मागितलं. मी म्हणालो, "वजन झालं की पी." आवाज माझा होता, वाक्य तुमचं. काट्यावर चढता चढता तो खाली कोसळला.

दवाखान्यात सलाईन लावलं. शुद्धीवर येताच त्याने विचारलं, "दादा, बसलो का मी गटात?"

तात्या, तुम्ही आमच्यावर कधी हात उगारला नाही. आठवीतून माझी शाळा सुटली, तेव्हा संघाचे अर्ज माझ्याकडून लिहून घेत तुम्हीच माझं शुद्धलेखन पक्कं केलंत. म्हणून विचारायला जड जातं. मीही तेराव्या वर्षी असाच पडलो होतो ना? तुम्ही मला खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळालात, तुमचे डोळे भरले होते. आणि परत येताना म्हणालात, "घरी सांगू नको, आई उगाच घाबरेल."

मी नाही सांगितलं. आईने विचारलं, एवढा का सुकलास? मी म्हणालो, जिंकलो. तिला घाबरू का दिलं नाहीत, तात्या? ती घाबरली असती तर पुढच्या वर्षी तुम्ही माझं पाणी तोडलं असतंत का?

येताना टेम्पोत योहान कानाशी येऊन म्हणाला, "आईला न्हाई सांगायचं ना?" मी त्याला असं कधी शिकवलं नव्हतं. मोठी पोरं शिकवत असणार.

त्याची आई कृषी विद्यापीठाच्या फार्मवर कामाला जाते. त्याला घरी सोडायला गेलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. जेवण, पाणी, स्वेटर, सलाईन. काही गाळलं नाही.

तिचा हात परातीत थांबला. "पोरानं पानी मागितलं, आन् तुमी दिलं न्हाई?"

"नाही दिलं."

"मंग आता त्यो यायचा न्हाई, दादा."

तिने आवाजही चढवला नाही. तिचं बरोबर होतं.

बाकीच्या सहा घरांत अजून कुणाला काही माहीत नाही. गप्प राहिलो तर संघ टिकेल, हे मला कळतं. तुम्ही पंधरा वर्षं खपून उभा केलेला संघ आहे. तरीही उद्या सकाळी मी सहाही घरी जाणार आहे. यापुढे पोटभर जेवलेलं पोर ज्या गटात भरेल, त्याच गटात खेळेल. एवढं ऐकूनही कुणी आपलं पोर पाठवलं, तरच संघ राहील. कुणीच पाठवलं नाही, तर मैदानाची किल्ली मी ग्रामपंचायतीत नेऊन देईन. तुम्हाला राग आला तरी देईन.

तुमचाच,
दिनकर