डबा नंबर दोन

१२ नोव्हें., बुध.
कोळंबीचं नवं लोणचं झालं. यात सासूबाईंच्या लोणच्यातलं आगळ, कोकमाचा खारवलेला रस, नाही; व्हिनेगर आहे. लेकीचा, मनालीचा, पुण्याहून हट्ट. "आई, टिकायला हवं. आणि आधी लोकांचं मत घे."
आरे-वारेच्या रस्त्यावरच्या दुकानदाराला २३ तारखेपर्यंत सांगायचंय, बरण्या कोणत्या भरू, आगळाच्या की व्हिनेगरच्या. बरणीवर माझं नाव येणार. आयुष्यात पहिल्यांदाच कशावर तरी.
पाच घरी पाच स्टीलचे डबे पाठवले नव्याचे. झाकणांवर नेलपॉलिशने नंबर. मत फोनवरच्या फॉर्मात, तारे देऊन.

१४, शुक्र.
पाचही जणींचे पाच-पाच तारे. मनाली नाचतेय. मला पचत नाही. आमच्या आळीत कुणी कुणाच्या आमटीला धड चांगलं म्हणत नाही. मीठ तरी कमी असतं, नाहीतर पाणी जास्त. आणि लोणच्यावर एकमत?
धाकटी जाऊ विमल, माझ्या हातचं आजवर नाक मुरडूनच खाल्लंय जिने, ती लिहिते "अप्रतिम!!" काहीतरी शिजतंय.
हे म्हणाले, "तुला कौतुकही सोसत नाही." यांनाही आवडलंय म्हणे. ताटात मात्र होतं तसंच.

१७, सोम.
डबे परत यायला लागले. आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत करत नाही. नं. १ मध्ये गूळ, ४ मध्ये अंडी, ५ मध्ये पोहे. नं. ३ घेऊन शेजारच्या नसीमभाभी आल्या; आत खजूर, मुलाने मस्कतहून पाठवलेला. दारातच धरलं. भाभी, खरं सांगा.
"खरा सांगू? औषधासारखा लागता गो. तुझ्या सासूचा लोणचा खाल्लेली जीभ माझी."
मग पाच तारे?
"तुझ्या पोरीन फोन केलान. इतकी गोड बोलली, तिला काय सांगू?"
म्हणजे मनालीने घरोघर फोन करून तारे गोळा केले! लेक आहे की निवडणुकीतला उमेदवार?
नं. २, विमलचा, अजून नाही.

१९, बुध.
समोरच्या शरयूबाई डबा घेऊन आल्या. "विमलने दिलं. आमच्याकडे कोळंबी कुणाला सोसत नाही, तुम्हीच घ्या."
झाकण उघडलं. माझंच लोणचं. काठोकाठ, चमचाही न लागलेलं. डबा मात्र विमलच्या घरचा, म्हणजे माझ्या नं. २ मधलं तिने आपल्या डब्यात ओतलं आणि वाटेला लावलं. शरयूबाईंना म्हटलं, "वा, छान दिसतंय!" दार लावलं आणि ओट्याला टेकून रडले.
मग आठवलं. दिवाळीत तिच्या बेसनलाडवांना "अप्रतिम" कोण म्हणालं होतं? ते लाडू कुठे गेले, मला ठाऊक आणि आमच्या मोत्या कुत्र्याला.

२१, शुक्र.
विमलचा डबा परत करायचा, रिकामा कसा देणार? आगळाचं जुनं लोणचं भरलं. कोणतं ते सांगितलं नाही. तिने स्वतःचा डबा ओळखला, चेहरा पडला. "शरयूबाईंनी..." एवढंच म्हणाली. डबा तिच्या हातात देऊन मी परतले.

२३, रवि.
सकाळी दारात नं. २. बेल नाही, हाक नाही. विमल ठेवून गेली, नसीमभाभींनी पाहिलं.
उघडला. रिकामा. घासून लख्ख.
बावीस वर्षांत हिने रिकामा डबा पाठवला नाही. बोलणं बंद असायचं तेव्हासुद्धा आत दोन सुपाऱ्या असायच्या. आता काय समजू? आगळाचं फस्त झालं, यात आणखी भर? की तुझ्या हातचं काही नको?
नाक घालून वास घेतला. नुसता साबण.
मनालीचा मेसेज, "पंचवीस तारे आहेत आई, विचार कसला करतेस?" दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले. मी डबा मांडीवर घेऊन बसलेय. तिसरा वाजतोय.