होडीतली हीर

२१ जुलै, सोमवार
धरणावर गेलो. बाबूसिंग काका म्हणाले, "ये." एवढंच. कॉलेजचं विचारलं नाही. रो.चं नाव निघालं नाही. निघावं म्हणून तर गेलतो, काका तिचेच वडील. (नाव पूर्ण लिहायचं नाही. बाबा वही वाचतात.)

होडी निंबाखाली, ताडपत्रीत. पांढरं फायबर, सोळा फूट, वर शिडाची काठी. काका नेव्हीत सुतार होते. रिटायर झाले तेव्हा कुठल्यातरी लिलावात ही निकाली होडी घेतली अन् ट्रकवर टाकून त्यांच्या बंजारा तांड्यात आणली. बाभुळगावपर्यंत लोक हसले म्हणे.

मागच्या बाजूला बुडाला भोक दिसलं. चांगलं वीतभर, चौकोनी. म्हटलं, "काका, हे एका दिवसात बुजवून देतो."
काका इतके हसले की खोकला लागला. "अबे, ते मुद्दामचं हाय. त्यातून मोटरीचा पाय खाली पाण्यात जाते. हीर म्हणतो आम्ही त्याले."

भोकाभोवती गुडघ्याएवढ्या चार भिंती. पाणी त्या चौकटीत राहतं, होडीत येत नाही. विहीरच.
मेकॅनिकलची अडीच वर्षं. अन् भोक बुजवायला निघालो.

२३ जुलै, बुधवार
काम समजलं. मोटर नवी आणली आहे, म्हणजे जुनीच पण पाच हॉर्सपॉवर. हीर छोट्या मोटरीसाठी केलेली. मोटर उभी बसते, मागे तिरपी होऊन वर येत नाही. आपल्या धरणात बुडालेल्या बाभळी उभ्या आहेत. पाय आदळला की पंख्याची पिन तुटते. शिवाय जोरात चालवली की समोरच्या भिंतीवरून पाणी आत उडी मारतं.

म्हणजे मागची भिंत कापून खाच करायची, पाय वर यायला. समोरची चार बोटं उंच. अन् एक लाकडी बूच, शिडावर चालताना मोटर वर घेतली की भोक बंद करायला.

"तीजेच्या आदी झालं पायजे," काका म्हणाले. तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, मग शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. आधी नदीच्या घाटावर शिरवायच्या. तो घाट आता धरणाच्या मधोमध, पाण्याखाली. काठावर चिखल अन् बेशरमाची झुडपं. म्हाताऱ्या दरसाल बोलतात. यंदा होडीनं घाटावर न्यायचं, असं काकांनी कबूल केलंय.

"बाई बी येईन यवतमाळवरून. नऊ दिवस."
बाई म्हणजे रो. घरात तिला बाईच म्हणतात. मी ग्राइंडर चालू केला, बंद केला. पुन्हा चालू केला. हातात कापायला काहीच नव्हतं.

२६ जुलै, शनिवार
बाबांसोबत सोयाबीनवर फवारणी. पाठीवर पंप.
"कॉलेज सोडलं, आता होडीले भोकं पाडून राह्यला."
"भोक होतंच."
"मंग कायले जातं?"
मी पुढच्या ओळीला लागलो. दोन तास नुसता पंपाचा आवाज.

जानेवारीत कँटीनमध्ये वर्गातला एक जण रो.बद्दल बोलला. काय बोलला ते इथंही लिहिणार नाही. त्याचे दोन दात पडले. ऑफिसात दोघांना बोलावलं, मग तिलाही. दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजला तिचं नाव माहीत. पायऱ्यांवर ती म्हणाली, "मी सांगतलं होतं का तुले?" त्यानंतर एक शब्द नाही. मी पुन्हा कॉलेजला गेलो नाही. फोन लावायचो, आता तेही सोडलं.
राग येत नाही. काहीच येत नाही. पाठ दुखते, पंपानं.

२ ऑगस्ट, शनिवार
मागची भिंत कापली. फायबरचा भुगा अंगाला खाजकुयलीसारखा लागतो. आंघोळ करूनही जात नाही.
मी जोर लावत होतो. पातं अडकलं. काकांनी वायर काढली. "हात हलका ठेव. जे कापून राह्यला ते तुहा दुश्मन नाही."
खाच सरळ नाही आली. डावीकडे थोडी गेली. काका म्हणाले, राहू दे, होडीलेच माहीत राहीन.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. गेलो नाही. ताप आहे असा निरोप दिला.
रो. काल आली. राखीच्या दिवशी तिच्या दारात उभा राहायला मी येडा नाही.
आज त्यांच्याकडे गहू पेरले असतील.

१० ऑगस्ट, रविवार
"ताप उतरला?" काका. चेहरा गंभीर.
"हो."
"बरं झालं. राखीचा ताप एक दिवसाचाच राहते."
कळत नाही या माणसाला काय माहीत आहे.

दुपारी रो. चहा घेऊन आली. ग्लास हिरीच्या भिंतीवर ठेवला. हिरीत वाकून पाहिलं, नवीन खाच पाहिली, बोटानं कड तपासली. माझ्याकडे नाही. गेली. केस बारीक कापलेत.
चहा थंड होऊ दिला. काही वाटलं नाही. असं लिहून राह्यलो म्हणजे...

१२ ऑगस्ट, मंगळवार
प्रवीण येत नाही. प्रवीण म्हणजे रो.चा चुलत भाऊ, पुण्यात कंपनीत. सुट्टी नाही मिळाली.
तिला सख्खा भाऊ नाही. शिरवायच्या वेळी पोरीच्या डोक्यावरची टोपली भावानं उतरवायची, तांड्याची रीत. दरसाल प्रवीण उतरवायचा.
काका दोर गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा तूच उतरव. घरचाच हायेस."
मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.
एकदा उतरवली की झालं. मग मी तांड्यासाठी जन्मभर तिचा भाऊ. कोणी कागद करत नाही, पण कागदापेक्षा पक्कं.

नंतर समोरच्या भिंतीचं अन् मागच्या खाचेच्या कडेचं काम. रेझिनमध्ये, म्हणजे फायबरच्या डिंकात, ते घट्ट करणारं हार्डनर किती टाकायचं ते काकांनी ड्रॉपरवर खूण करून दिलंय. थेंब मोजायचे. हवा दमट, वाळेल की नाही. मी ड्रॉपर बाजूला ठेवला अन् बाटलीचं झाकण घेतलं. फवारणीला घेतो तसं. पंपाला एक झाकण, अळी जास्त असली तर दोन. दोन टाकली. मग अजून एक.
डबा हातातच तापला. धूर निघाला. फेकला. भिंतीवर लावलेलं पिवळं पडून तडकलं, खालची फायबरची जाळी उचलून आली. खाचेची कडही गेली.
उभा राहून पाहत होतो. हातावर फोड आलाय, तो आता लिहिताना दिसला.

१३ ऑगस्ट, बुधवार
काकांनी तडा पाहिला.
"झाकणानं टाकलं?"
"हो."
"कापूस हाय का हा, फवाराले?"
बस. ओरडले असते तर बरं झालं असतं.
मग म्हणाले, "नाही झालं तर काठावरच शिरवू. चिखलात. आतापर्यंत तेच केलं."

ते गेल्यावर लक्षात आलं. होडी नाही झाली तर सारा तांडा काठावर. तिथं तांड्यातला कोणीही पोट्टा टोपली उतरवेल. मी नको. मला काहीच करायचं नाही. फक्त बसून राहायचं.
दिवसभर बसलो. हातात पॉलिशपेपर, घासलं काहीच नाही.

संध्याकाळी काकू आल्या, काकांशी त्यांच्या बोलीत बोलल्या. मला फक्त 'छोरा' एवढं कळलं.
"काय म्हणते काकू?"
"ती म्हणते, पोट्ट्यानं हे बी अर्धंच सोडलं."
काकूंनी काकांकडे असं पाहिलं की त्या हे बोलल्याच नसाव्यात.
तडकलेलं सगळं छिन्नीनं काढलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
काल नवीन जाळी, नवीन रेझिन. थेंब मोजले. शेजारी हॅलोजनचा दिवा लावून ठेवला, दमटपणा जावा म्हणून. आज नखानं दाबलं, कडक. खाच आता सरळ आहे. तडकली म्हणून सरळ झाली.
बूच सागाचं. काकांनी अर्धं तासलं, अर्धं मी. कुठलं अर्धं कोणाचं ते लगेच ओळखू येतं.
तांड्यात रोज रात्री टोपल्यांभोवती गाणी. आज निघताना ऐकली. एक शब्द कळला नाही. थांबलो मात्र.

१६ ऑगस्ट, शनिवार
होडी पाण्यात. हिरीत पाणी चढलं अन् थांबलं. मी भिंतीवर हात ठेवून बघत होतो, अजून चढतं का.
"नाही चढत," काका म्हणाले. "धरणाचं पाणी जेवढं, तेवढंच आत. तू पळवलं तरच उसळते."
पळवून पाहिली. उसळलं, पण नवीन भिंतीच्या आतच राह्यलं. बाभळीजवळ मोटर तिरपी केली, पाय खाचेतून वर आला. पुरा नाही, पण आला. काकांनी पाठीवर थाप मारली. मी होडी फोडाच्याच हातानं धरून होतो, फोड झोंबला.
"उद्या पांढरा शर्ट घालून ये," म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार
सगळं लिहितो, क्रमानं.

पाच पोरी, टोपल्या डोक्यावर, गाणं म्हणत काठावर आल्या. चौघींच्या टोपल्या भावांनी काठावरच उतरवून हातात दिल्या. रो.ची डोक्यावरच. काका म्हणाले, "हिची घाटावर गेल्यावर गजू उतरवीन." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरा शर्ट.
काकांनी सगळ्यांना तरंगायचं जाकीट घालायला लावलं. लुगड्यावर नारिंगी जाकीट पाहून म्हाताऱ्या हसल्या. रो. टोपली डोक्यावर धरून तशीच होडीत बसली, मान ताठ.

मी मोटरीवर. काका पुढं. वारा जवळजवळ नाही. मधोमध बाभळींची टोकं दिसायला लागली. मी मोटर बंद केली, तिरपी केली, भोकात बूच बसवलं. होडी घसरत घाटावर आली. म्हणजे काका म्हणाले की घाट इथं. मला पाणीच दिसत होतं.

चौघींनी टोपल्या सोडल्या. गाणं थांबलं.
"गजू, उतरव."
मी दोन्ही हातांनी बूच दाबून धरलं होतं. बुचाची खिट्टी लावायची राहिली होती. लावली असती तर हात मोकळे. एक गुडघा ठेवला असता तरी भागलं असतं.
"काका, हात गुतले."
काकांनी खिट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
हिरीतलं पाणी बुचाखाली डुबुकडुबुक करत होतं.
रो. म्हणाली, "मारायले हात मोकळे होते ना."
सात महिन्यांनी.
मी मान वर केली नाही. बूच धरून राह्यलो. तिनं स्वतःच्या हातानं टोपली उतरवली, अंकुर तोडून ओच्यात घेतले, टोपली पाण्यात सोडली. पोरींपैकी एक जण तोंडावर हात ठेवून बघत होती.
परत येताना जरा वारा सुटला, शीड लावलं. मोटरीचा आवाज नाही अन् गाणंही नाही.

काठावर काकू म्हणाल्या, "पोरीनं आपल्याच हातानं उतरवली? असं कुठं राहते?" काका म्हणाले, "होडीत राहते." अन् दोर बांधायला लागले.
पोरी काठावरच्या सगळ्यांना अंकुर वाटत होत्या. म्हाताऱ्यांना, भावांना, पोट्ट्यांना. कोणी टोपीत खोचले, कोणी कानावर. मी होडी पुसत होतो. शर्टाच्या बाह्या चिखलाच्या. मला कोणी दिले नाहीत, मी गेलोही नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
जायचं नव्हतं. गेलो. मोटर उतरवून द्यायची होती, एवढंच कारण.
रो. सकाळच्या गाडीनं यवतमाळला गेली. काकांनी न विचारता सांगितलं.

ताडपत्री काढली. हिरीच्या नवीन भिंतीला, वरच्या कडेला, जिथं तडकलं होतं तिथं अजून एक बारीक फट आहे. त्या फटीत गव्हाचे अंकुर खोचलेले. पिवळेच, टोकाला जरा हिरवे. सात-आठ असतील. काल मी होडी पुसली तेव्हा नव्हते.
अंकुर सगळ्यांनाच देतात. भावालाही.
काकांना विचारायचं होतं. तोंड उघडलं. ते खाचेत वाकून मोटरीचा पाय वर-खाली करत होते.
"पुरी वर येत नाही अजून," ते म्हणाले. "दोन बोटं कापा लागते."
"अंकुर," मी म्हणालो.
"हं?"
"काही नाही."
काकांनी फटीकडे पाहिलं की नाही, माहीत नाही. उठले, गुडघ्यावरची माती झटकली. "उद्या येतं का?"
"येतो."
"ड्रॉपर आण. झाकण नको आणू."

ग्राइंडरचं पातं झिजलंय. यवतमाळला मिळेल.