गुडघ्याचा नवस

बीबी, ६ एप्रिल २०२५

ती. भाऊस,
कोकिळेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

घरात फोन असताना बहिणीने पत्र का लिहिलं म्हणून दचकू नकोस. आमचा फोन ओसरीवर असतो, तोही स्पीकरवर. सगळं घर मिळून बोलतं. हे मात्र तुझ्याशीच बोलायचं आहे.

माझं बाळ गेलं तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने माझा हात धरून प्रार्थना केली आणि तेव्हापासून मी येशूची झाले, हे फक्त तुला ठाऊक आहे. दर रविवारी मेहकरला प्रार्थनेला जाते आणि घरी सांगते, गुडघ्याला शेक घ्यायला चालले. हे खोटं इतकं अंगवळणी पडलंय की परवा पायऱ्या उतरताना मी खरंच लंगडले.

आता सासूबाईंनी माझ्या गुडघ्यासाठी देवीला नवस बोलला आहे. तो बरा होईपर्यंत पायात चपला घालायच्या नाहीत. संक्रांतीपासून अनवाणी शेतात जातात. काल त्यांच्या तळपायांना खोबरेल लावताना मला वर बघवेना. भाऊ, मी फार थकले रे. काय करू?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी कोकिळा

देऊळघाट, १२ एप्रिल

चि. सौ. कोकिळेस इंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

पत्र गवारीच्या वाफ्यात उभं राहून वाचलं. तुझ्या लंगडण्याचं आधी हसू आलं. शाळा चुकवायला पोट दुखतं म्हणायचीस, तेव्हाही संध्याकाळपर्यंत खरंच दुखायचं. मग तुझ्या सासूबाईंच्या, तानुबाईंच्या पायांचं वाचलं आणि हसू गेलं.

पण खरं सांगायच्या भानगडीत पडू नकोस. दिवस बरे नाहीत. कुणाच्या आमिषाला भुलली म्हणतील. मोतीरामराव नवरा म्हणून सरळ आहेत, पण गावापुढे सरळ माणसाचं काय चालतं? गुडघा बरा झाला म्हण. सासूबाई चपला घालतील, तू मोकळी. रविवारसाठी दुसरं काहीतरी दुखायला लावू.

वहिनीने तुझ्यासाठी कुरड्या ठेवल्यात. माया ठेवतेस तशीच ठेव.
तुझा भाऊ

बीबी, २२ एप्रिल

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकलं आणि फसले. गुडघा बरा झाला म्हणताच सासूबाई आनंदाने रडल्या, पण चपला काही घातल्या नाहीत. नवस फेडावाही लागतो, हे आपण दोघं शहाणे विसरलो! पायातले जुने वाळे मोडून त्यांनी सोनाराकडून चांदीचा छोटा गुडघा घडवून आणला. वैशाखी पौर्णिमेला मी तो माझ्या हाताने देवीपुढे ठेवायचा, मगच त्या चपला घालणार.

तो ठेवला तर त्यांच्या देवीलाही फसवलं आणि माझ्या प्रभूलाही. नाही ठेवला तर ऐन उन्हाळ्यात त्या अनवाणी. आता सांगावंच लागेल. घराबाहेर काढलं तर तुझ्याकडे येऊ का, एवढंच कळव.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
कोकिळा

देऊळघाट, २९ एप्रिल

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

ये. हे काय विचारणं झालं? वहिनी धुसफुसली, तिचं सोवळं तुला माहीत आहे, पण मागची खोली तिनेच झाडून ठेवली. तरी अजून सांगतो, गप्प राहशील तर बरं. मला तुझ्यासाठी भीती वाटते, आणि गावात कुणी विचारलं तर काय सांगू, याचीही.

काही झालं तरी तुझा,
भाऊ

बीबी, ११ मे, रविवार

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

सांगितलं. सोमवारी, भाकरी थापताना. मी येशूला मानते, रविवारी त्याच्याच प्रार्थनेला जाते, गुडघा कधी दुखलाच नव्हता, असं एका दमात बोलून टाकलं. हे ताटावरून उठले, तेव्हापासून ओसरीवरच निजतात. सासूबाईंनी येशूचं एक अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, की मंग मले इतके दिवस अनवाणी काऊन चालू दिलं. मी रडत पाय धरले, तर ते त्यांनी ओढून घेतले. मग कोपऱ्यातल्या चपला काढल्या, धूळ झटकली आणि पायात घालून बाहेर गेल्या. चांदीचा गुडघा ट्रंकेत गेला. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या हातचं जेवल्या मात्र.

आज कोणत्या तोंडाने निघू, म्हणून अंगणात भांडी घासत बसले. शेजारच्या सत्यभामाबाई आणि पाण्याला आलेल्या बायका होत्या. सासूबाई त्या सगळ्यांदेखत मोठ्यांदा म्हणाल्या, काव कोकिळे, आज नाही का दुखून राह्यला तुहा गुडघा, गाडी निघून जाईन ना. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नेहमीसारखं हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

मी हात पुसले आणि म्हणाले, गुडघा चांगला हाये माय, मी येशूच्या प्रार्थनेले जाऊन राह्यली.

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि पायानेच माझ्या चपला माझ्याकडे सरकवल्या.

एसटी मिळाली, प्रार्थनेला जाऊन आले. अजूनही थकल्यासारखं वाटतंय, पण झोप लागेल. वहिनीला सांग, मागच्या खोलीत कांदे भरले तरी चालतील. आणि तुला गावात कुणी विचारलं, तर जे आहे तेच सांग.

आहे तशीच तुझी,
कोकिळा