पंप ठेवला व्हता, लपवला न्हवता

मार्गशीर्ष वद्य नवमी, रविवार. दिवेलागण

सगळ्यात आधी आली ती कस्तुराबाई. शेजारीण. पोरं अजून भिंतीला सायकली टेकवत व्हती, तवर ही पदर सावरत हजर, अन् मलाच सांगायला लागली की तुमचा नातू आलाय. जसा काय तिनंच आणला. मग तिच्या दोघी सुना, मग निम्मी गल्ली. एकीनं सायकलीची घंटी वाजवून बघितली. मग सगळ्यांनीच वाजवली. त्यात माझा बी हात व्हता.

नातू म्हंजे पंचाक्षरी. हैदराबादला दिलेल्या माझ्या नीलम्माचा लेक. सात वर्सांनी दिसला. मिशा आल्यात, पण हसला की तसाच, डावा गाल आत जातो. संगट एक मैतर हाय. त्याचं नाव इचारायचं राह्यलं. काळासावळा, गप गप, बोटाला शाई.

दोघं तीन दिवस सायकल हाणत आलेत. कशापायी, तर कशापायीच न्हाय. कस्तुराबाईनं चारदा इचारलं, कुणाचं लगीन हाय का, कोण आजारी हाय का, कोर्टात तारीख हाय का. न्हाय म्हणाले. सुट्टी. नुसतं बघत फिरायचं. उद्या पहाटे निघून निजामाच्या मोगलाईची हद्द वलांडायची, इंग्रजी मुलखात सोलापूर गाठायचं, तिथनं विजापूरचा गोल घुमट, अन् गुलबर्ग्यावरनं घरी. मैतरानं नोटबुकात समदं लिहिलंय, कुठल्या दिशी किती कोस, रात्री मुक्काम कुठं.

येळवस शनवारी, अवसेला हाय. शेतातली पूजा, डाळी-भाज्यांची भज्जी, आंबील. नातू असता तर किती ग्वाड झालं असतं. पण मी थांबवणार न्हाय. मी कुणाला अडवणारी बाई न्हवं. ही वही बी त्याचसाठी, मनातलं इथं लिहायचं अन् बाहेर गप बसायचं. सून नागम्मानं अक्षरं शिकवली, तिला ही दावायची न्हाय.

वद्य दशमी, सोमवार

पहाटे निघणार व्हते. म्या म्हणलं, सोमवार, शिवाचा वार, घरचं लेकरू उपाशी जाऊ नये. दोन घास खावा अन् जावा. दोन घास म्हंजे पुरण घातलं. पुरण शिजायला येळ लागतो, त्याला मी काय करणार. जेवायला दुपार झाली. पोरांनी सात-सात पोळ्या खाल्ल्या, दूध-तूप वेगळं. मग सोप्यात जरा टेकले ते दिवस मावळल्यावर उठले.

मी थांबवलं न्हाय. पुरणानं थांबवलं.

संध्याकाळी मैतर नोटबुक घेऊन बसला अन् आज लिहिलेलं खोडून उद्यावर घेतलं. खोडताना जीभ बाहेर काढतो, लहान पोरावानी. उद्या नक्की जाऊ देणार. घंटी वाजवून वाटंला लावीन.

वद्य एकादशी, मंगळवार. पहाट

लवकर उठले. पोरं झोपलेली. सायकलीपशी एक नळी पडली व्हती. तिला पंप म्हणत्यात. चाकातली हवा रातभर थोडी थोडी जाते, बाभळीचे काटे लई बसल्यात, म्हणून रोज सकाळी त्या नळीनं हवा भरावी लागते. पंचाक्षरीनं काल मला भरून दावली व्हती. फुस्स फुस्स, लई मजा वाटते.

कुणाच्या पायात येऊ नये म्हणून नळी उचलली अन् सोप्यातल्या ज्वारीच्या पोत्यात ठेवली. तोंड उघडंच व्हतं पोत्याचं. ठेवली. लपवली न्हाय. न्याहारी झाली की काढून देते.

त्याच दिशी, दुपार

न्याहारी झाली, पण तवर शोधाशोध सुरू झालेली. दोघं अंगणभर फिरतात, वैरणीत बघतात, कस्तुराबाई बी बघते. एवढ्या माणसांत एकदम कसं काढून द्यावं. ते बरं दिसत न्हाय. म्या बी शोधलं मग. गोठ्यात शोधलं. तिथं न्हवता.

मैतर माझ्याजवळ येऊन बसला. म्या नाव इचारलं. बब्रुवान. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो, चार वर्सं झाली, ही त्याची पहिली रजा. येत्या मंगळवारी कामावर हजर व्हायचं. उद्या सकाळपस्तोर निघालो तर घुमट जमतोय, म्हणाला, त्यापुढं न्हाय. म्या म्हणलं, एवढं काय हाय त्या घुमटात. तर म्हणाला, आजी, तिथं हाक मारली की सात येळा परत येते. छापखान्यात मला कुणी नावानं बोलवत न्हाय, ‘ए खिळेवाल्या’ म्हणत्यात. तिथं उभं राहून आपलं नाव एकदा मोठ्यानं घेणार हाय.

हे ऐकलं अन् ठरवलं, संध्याकाळी सगळी इकडं तिकडं झाली की नळी काढायची अन् सायकलीखाली ठेवायची. म्हणायचं, इथंच तर व्हती.

त्याच दिशी, संध्याकाळ

पोतं न्हाय.

महालिंगप्पा, माझा लेक, दुपारी गल्लीतल्या गोरोबाची गाडी जुंपून, त्याला संगट घेऊन, तीन पोती भरून सोलापूरच्या बाजाराला गेला. तोंड शिवून न्हेली पोती. मी तवा कस्तुराबाईकडं शेंगापोळीचं सारण बघायला गेले व्हते. तिनंच बोलवलं व्हतं. तसं बघितलं तर यात तिचा बी वाटा हाय.

वद्य द्वादशी, बुधवार

सकाळी पूजेला बसले. गळ्यातलं लिंग हातावर घेतलं, डोळे मिटले, तर पंप दिसला. डोळे उघडले, मिटले. परत पंप. देवाला म्हणलं, आज सांगते. देव काय बोलला न्हाय, म्हंजे चालतंय.

पोरं पहाटेच दोन्ही सायकलींचं एक एक चाक खांद्यावर टाकून अणदूरला गेली. दोन कोस. तिथं सडकंला मोटार थांबते, डायवरकडं पंप असतो. संध्याकाळी तशीच परत. डायवरच्या पंपाचं तोंड सायकलीला बसत न्हाय म्हणं. बब्रुवानच्या खांद्यावर चाकाचा वण उठला व्हता. हळद लावायला गेले तर म्हणाला, राहू द्या आजी.

सांगणार व्हते. जिभेवर आलं व्हतं. पण दमून आलेल्या माणसाला असलं ऐकवू नये. आधी जेवू घातलं. जेवल्यावर तो नोटबुक काढून बसला. खोडलं काय न्हाय, नुसतं बघितलं अन् मिटलं. पंचाक्षरी म्हणाला, उद्या नळदुर्गला जाऊ, तिथं सायकलवाला असंल. बब्रुवान म्हणाला, बघू.

प्राचित्त म्हणून उपास धरला. रात्री लई कलमलायला लागलं म्हणून शेंगापोळी खाल्ली. अर्धीच. दुसरी अर्धी नंतर.

एक गोष्ट चांगली झाली. येळवस आता दोनच दिवसांवर.

वद्य त्रयोदशी, गुरुवार. सकाळी

गोरोबा आला. एकटा, पायी, गाडी न्हाय. पायातली वहाण फाटलेली.

महालिंगप्पाला नाक्यावर धरलंय.

मोगलाईतनं धान्य बाहेर जाताना नाक्यावरचा शिपाई पोत्यात लांब लोखंडी सळई खुपसतो, आत दुसरं काय दडवलंय का बघायला. सळई टणकन् वाजली. पोतं फोडलं तर नळी निघाली. दिवस लढाईचे. जमादारानं इचारलं ही कशाची नळी, लेक म्हणाला मला ठाऊक न्हाय. खरंच ठाऊक न्हवतं त्याला. त्यानं जन्मात पंप बघितला न्हाय, तो रविवारपास्नं शेतातच व्हता. जमादार म्हणाला, तुझ्या पोत्यात नळी अन् तुला ठाऊक न्हाय, मग कुणाला ठाऊक. नळी बंदुकीची न्हाय असं कुणी येऊन सांगितल्याबिगर सोडता येत न्हाय म्हणं.

गोरोबानं हातानं माप दावलं. एवढी लांब, पुढं निमुळती, मागं लाकडाची मूठ.

पंचाक्षरी अन् बब्रुवान दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. म्या म्हणलं, उंदरानं न्हेली असंल.

नागम्माच्या हातातलं भांडं पडलं. नवरा नाक्यावर अडकलाय तिचा, तिनं रडायला पायजे व्हतं. पण ती माझ्याकडं बघतच राह्यली. कस्तुराबाईला तिथं कुणी बोलवलं व्हतं कळंना, ती म्हणाली, केवढा उंदीर म्हणायचा.

दोघं गोरोबासंगट पायीच गेले, नळी वळखायला.

त्याच दिशी, दुपार

घर सुनं. सायकली भिंतीला तशाच, चाकं काढलेल्या. नागम्मा बोलत न्हाय. लेक माझ्यापायी चोर ठरला तर या वयात कुणाला तोंड दावू. तसं म्या वाईट काय केलं. नातवाला चार घास जादा मिळावं म्हणून एक नळी ज्वारीत ठेवली. ज्वारी काय वाईट जागा हाय का.

पूजेला बसले न्हाय. धीर झाला न्हाय.

वद्य चतुर्दशी, शुक्रवार. दिवेलागण

आले. महालिंगप्पा बी आला, गाडी बी आली. दोन पोती नाक्यापल्याड एका व्यापाऱ्याला पडत्या भावानं देऊन आला. नळी बी आली, तिला चिठ्ठी बांधलेली अन् चिठ्ठीवर शिक्का.

पंचाक्षरीनं सांगितलं ते असं. नाक्यावर पोचल्यावर बब्रुवाननं नळी हातात घेतली अन् शिपायाच्या स्वतःच्या सायकलीत हवा भरून दावली. जमादार हसला, चहा पाजला. नळी पोत्यात कशी गेली इचारलं, तर महालिंगप्पानं सांगितलं, माझ्याच हातनं पडली असंल. त्याला पोरांनी आधीच कानात समदं सांगितलं व्हतं, तरी. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाला, अव्वा, पुढल्या टायमाला पोत्यात काय ठेवायचं असलं तर मला सांगत जावा. अन् बैल सोडायला गेला.

हद्दीचा दगड तिथनं दोनशे पावलांवर व्हता. जमादार म्हणाला, जावा, पल्याड पाय लावून या, एवढ्या लांबनं आलाय. पंचाक्षरी जाऊन आला. बब्रुवान गेला न्हाय. म्हणाला, मी सायकलीवर जाणार व्हतो.

रात्री, जेवणानंतर

सांगितलं.

तो चाकं बसवत व्हता. कंदील धरून मी शेजारी बसले. म्हणलं, बब्रुवान, उंदीर न्हवता. मीच ठेवली. शनवारची येळवस तुमी बघून जावी म्हणून.

तो नट आवळत राह्यला. मग म्हणाला, “आजी, तुमी राहा म्हणला असता तर मी एक दिवस राह्यलो असतो.”

मला बरं वाटलं. लगेच म्हणलं, व्हय का रं लेकरा.

“एक दिवस,” तो म्हणाला. “पाच न्हाय.”

मग हवा भरली. फुस्स फुस्स. मी मोजत व्हते, मग मोजायचं सोडलं. आठवून बघतेय, रविवारपास्नं म्या कायकाय केलं. पुरण केलं, वार सांगितला, गोठा शोधला, उपास केला. राहा असं कुणाला एकदा बी म्हणलं न्हाय. ते तेवढं राह्यलंच.

अमावस्या, शनवार

येळवस. पण पोरं पहाटेच निघाली. मंगळवारी छापखान्यात हजर व्हायचं तर तीन दिवस पुरं लागत्यात. आज निघालं तरच. शनवारी पूर्वेला जाऊ नये, हैदराबाद पूर्वेलाच. म्या तोंड उघडलं न्हाय.

भज्जी अजून चुलीवर व्हती. आंबील आदल्या रात्रीचं, तेवढं दोघांनी उभ्यानं पिलं. बाजरीचे उंडे फडक्यात बांधून पंचाक्षरीच्या हँडलला अडकवले. बब्रुवानच्या सायकलीला अडकवायला गेले तर त्यानं माझ्याकडं न बघता जागा करून दिली. पंचाक्षरी पाया पडला. मग तो बी पडला. म्या म्हणलं, बब्रुवान, सांभाळून जा. पुढं लई बोलायचं व्हतं. नागम्मा मागं उभी व्हती म्हणून बोलले न्हाय. खरं म्हंजे तिच्यामुळं न्हाय, मलाच जमलं न्हाय.

शेतात सगळे जमले. पाच दगडांचे पांडव मांडले, नैवेद्य दावला. दहा माणसांची भज्जी केली व्हती, खाणारे आठ. कस्तुराबाई इचारायला लागली, पोरं कुठं हायत. गेली म्हणलं. ती म्हणाली, पण पंप तर घावला व्हता ना. म्या म्हणलं, घावला म्हणूनच गेली. तिला काय उमजलं न्हाय, पण तिनं दोन उंडे जादा खाल्ले.

निघताना दोघांनी शब्द दिलाय, तो लिहून ठेवते. पंचाक्षरी म्हणत व्हता पुढल्या येळवसला येतो, चार दिवस राहतो. बब्रुवान म्हणाला, येळवसला न्हाय, तिच्या आधी सहा दिवस. तवा त्याला परत रजा मिळायची हाय. घुमटाकडं जाताना इथं येणार, तवा सायकलीवरनं उतरायचं न्हाय, दारातच पाणी प्यायचं अन् निघायचं. पंचाक्षरी म्हणाला, मग मी बी तसंच करतो.

तर पुढल्या सालची मार्गशीर्ष वद्य नवमी. वार लिहिला न्हाय, नवं पंचांग यायचं हाय. सकाळी येणार. पाणी पिऊन जाणार.