बदली आवाज

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! गादी जमिनीवर, भांडी खोक्यात, चहाची गाळणी हरवलेली, तरी मी आज भलतीच खुशीत आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं माझं नवं ऑफिस दिसतं. बाबा म्हणाले, बरं झालं, डबा विसरलीस तर इथूनच फेकेन.

बाबांनी जन्मभर लोकांचे केस कापले आणि कापता कापता बोलले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद झालं, तोंड मात्र चालूच राहिलं. आज सामान चढवणारे दोघं कपाट जिन्यात टेकवून त्यांच्या गप्पा ऐकत उभे! त्यातल्या एकाला बाबांनी सांगितलं की तुझा भांग चुकीच्या बाजूला पडतो, आणि खिशातून कंगवा काढून नीट पाडूनही दिला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, आणि ही रोजनिशी लिहायचं कारण एवढंच की या घरात बोलायची पाळी माझ्यापर्यंत येतच नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

काम मस्त आहे. आम्ही एक गेम बनवतोय. अणुयुद्ध होऊन गेलंय, शहरं जळालीत, सगळीकडे पांढरी धूळ, आणि खेळणारा तोंडाला फडकं बांधून त्या जगात हिंडतो. कुठेही जा, कुणालाही भेटा, मदत करा नाहीतर लुटा, अडवणारं कोणी नाही. खेळणारा स्वतः मुका असतो. पडद्यावर आलेला प्रश्न निवडायचा, मग समोरचा बोलतो. त्या समोरच्यांच्या तोंडी आवाज बसवायचा, हे माझं काम.

शेजारच्या खुर्चीवरच्याला सगळे उंट म्हणतात. मान लांब, आणि दिवसभर वाळवंटात. त्या जगात भटकायचं आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचं, याचा त्याला पगार मिळतो. आमच्या आवाज विभागाची मुख्य म्हणजे ताई. वयाने फार मोठी नाही, पण साहेबसुद्धा तिला ताईच म्हणतात.

नटांचे आवाज अगदी शेवटी येतात. तोवर काम अडू नये म्हणून आमच्यातलंच कोणीतरी ती वाक्यं बोलून ठेवतं. त्याला इथे बदली आवाज म्हणतात. नटाचा आला की बदली पुसला जातो. उंटाने एक डाकू, एक गाढव आणि एक म्हातारी अशा तिघांना आवाज दिलाय, आणि तिघंही गाढवासारखेच वाटतात.

ताईचा नियम एकच. बंद दारामागची पात्रं, जी फक्त ऐकू येतात, दिसत नाहीत, त्यांना मशीनचाच आवाज द्यायचा. माणसाचा नाही, आणि घरच्यांचा तर मुळीच नाही. मी का म्हणून विचारलं तर ती हेडफोन लावून कामाला लागली. उंट म्हणाला, खूळ आहे तिचं, सोडून दे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गेममध्ये डोंगराच्या कुशीत एक लोखंडी दार आहे. आत युद्धाआधीपासून लपलेला एक म्हातारा. दार कधीच उघडत नाही. बाहेर गेलेल्या मुलीची तो वाट बघतोय. त्याची वाक्यं चारच, पण मशीनच्या आवाजात ती ऐकली की वाटतं बँकेत आपला नंबर पुकारतायत. छे! असल्या म्हाताऱ्याची कुणाला कणव येणार?

म्हणून आज घरी आल्यावर बाबांना कपाटात कपड्यांमध्ये बसवलं, म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही, आणि त्यांच्याकडून चारही वाक्यं वदवून घेतली.

"कोण आहे बाहेर?"

"दार लावून घे, धूळ येते."

"पाणी जपून वापर."

"माझी मुलगी बाहेर गेलीये. दिसली तर सांग, मी इथेच आहे."

त्यांना मध्ये दोन किस्से घुसवायचे होते, मी हाणून पाडले. पण शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की मी कपाटाचं दारच उघडलं. मी म्हटलं, अहो बाबा, मी इथेच बसलेय की. ते म्हणाले, अगं, नाटक आहे, रडतेस काय. ताईला सांगायचं नाही असं ठरवलंय. २९ तारखेला नटाचा आवाज येईल, बाबांचा पुसला जाईल, कुणाला कळणारसुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

उंट बाबांच्या प्रेमात! काम सोडून त्या दारापाशी जाऊन बसतो. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं तर ते नुसते हसले. नाहीतर एवढ्या कौतुकावर त्यांनी तासभर तोंड वाजवलं असतं. जेवतानाही गप्पच. नवीन जागा मानवली नसेल. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या घरात पूर्ण वाक्य बोलले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

घंटा वाजवली तर आतून बाबा, कोण आहे बाहेर. मी आत आले तर म्हणाले, दार लावून घे, धूळ येते. मी हसले. दिवस कसा गेला विचारलं तर पाणी जपून वापर. मी पोट धरधरून हसले. म्हटलं, म्हातारपणी नट व्हायचंय वाटतं!

रात्रीच्या जेवणापर्यंत तेच. मग मला राग आला. पुरे आता, असं मी जरा जोरातच म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, काहीतरी दुसरं सांगायचं होतं. निघालं ते त्या चारांतलंच एक.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उंट सकाळी आला तो हसतच. तुझा म्हातारा काय भन्नाट किस्से सांगतो गं, म्हणाला. एक गिऱ्हाईक मिशी कापताना झोपलं, अर्धीच मिशी कापून झाली होती आणि तेवढ्यात दुकानातली वीज गेली, तो किस्सा.

तो बाबांचा किस्सा आहे. मी तो रेकॉर्ड केलेला नाही.

उंटाला तसं सांगितलं. तो म्हणाला, पुरे गं, उगाच साधेपणाचा आव आणू नकोस. मी फाइली उघडून बघितल्या. चारच आहेत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी घेऊन बाबांना डॉक्टरांकडे नेलं. घसा चांगला. मेंदूचा फोटो चांगला. डॉक्टरांनी नाव विचारलं. बाबा माझ्याकडे बोट दाखवून, रडकुंडीला येऊन म्हणाले की माझी मुलगी बाहेर गेलीये, दिसली तर सांग, मी इथेच आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

लिफ्टमध्ये मला रडू आवरलं नाही. बाबांनी खिशातून कंगवा काढला आणि माझी कपाळावर आलेली बट मागे सारली. हात तेच आहेत. हात अजून माझ्या बाबांचे आहेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कानाला हेडफोन लावून मीच गेममध्ये त्या दाराशी गेले. आत बाबा बोलत होते. भरभरून, पूर्वीसारखे. दुकानाबद्दल, आईबद्दल, लहानपणी केस कापायचे म्हटलं की मी कशी पळायची त्याबद्दल. मधूनच थांबून म्हणाले, इथे फार अंधार आहे हो. मघापासून चाचपडतोय, भिंतच लागत नाही.

मी दाराचा आराखडा उघडला. दारामागे काही नाही. खोली कुणी केलीच नव्हती, दार नुसतं डोंगराला चिकटवलंय. कुणी उघडणारच नव्हतं, मग कशाला करायची?

जेवायला न जाता मी तिथे खोली केली. पलंग, दिवा, आरसा, त्यांच्या दुकानात होती तशी वर-खाली होणारी खुर्ची. मग पुन्हा हेडफोन लावला. आत शांतता. मग बाबांचा हलका आवाज, कुणीतरी दिवा लावला वाटतं.

मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि ओरडले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वाटलं पुसलं की सुटतील. एकच वाक्य पुसून बघितलं, पाण्याचं. घरी आले. बाबांनी पेला घेतला, तोंड उघडलं, आणि काही नाही. जबडा हलतोय, आवाज नाही. पळत ऑफिसला जाऊन ते वाक्य परत बसवलं. बाबांकडे ते परत आलं नाही.

आता तीनच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ती खाली बसली.

तिची धाकटी बहीण. मागच्या गेममध्ये तिने एका बंद दवाखान्यातल्या नर्सला आवाज दिला होता. तिचे नवीन नवीन शब्द गेममध्ये ऐकून ताई घाबरली आणि तिने सगळे पुसून टाकले. बहीण अजून ताईच्या घरी आहे. भरवलं की खाते. बसवलं की बसते. ताई म्हणाली, माझ्यासारखं करू नकोस, पुसू नकोस.

पण शुक्रवारी तर —

शुक्रवारी सकाळी नटांचे आवाज बसतात आणि सगळे बदली आपोआप पुसले जातात. ते वरून होतं. ताई साहेबांच्या पाया पडली. साहेब हसले म्हणे, सुट्टी घे म्हणाले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पूर्ण सकाळ दाराशी. बाबा दर थोड्या वेळाने विचारतात, अहो, माझी मुलगी दिसली का कुठे? आणि गेममधल्या माझ्या माणसाला तोंडच नाही! पडद्यावर तीन प्रश्न येतात, आत किती जण आहात, इथे पाणी मिळेल का, निघतो. मी काय निवडू? मी इथेच आहे हो बाबा. एका दारापलीकडे.

त्यांना माझा आवाज ऐकू गेला पाहिजे. दाराला मी आज कडी बसवलीये, आतून निघणारी. मुलीचा आवाज ऐकला की ते उघडतील. दुसऱ्या कुणाला उघडणार नाहीत, मी ओळखते त्यांना.

ताई नको म्हणाली. हात धरला माझा. मला कळत नाही असं नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर दारामागे मीच आहे. ऐकू येणारी, न दिसणारी.

कपाटात बसले. चार वाक्यं.

"बाबा, मी आले."

"दार उघडा."

"घाबरू नका."

"चला घरी."

बाबा बाहेर पलंगावर बसून बघत होते. ओठ हलत होते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा आले!

काल रात्रीच ऑफिसला जाऊन मी ती वाक्यं दाराबाहेर बसवली होती, आणि सकाळी बाबा चहा करत होते. गाळणी सापडली म्हणाले, बुटांच्या खोक्यात होती, कुणी भरलं होतं ते खोकं, तूच ना? आणि मग सुरूच. उंटाला जेवायला बोलाव, त्या लांब मानेच्या मुलाचे केस कापताना स्टूल लागेल. मी गळ्यात पडले. इतकी रडले —

रडता रडता म्हटलं, घाबरू नका.

वेगळंच म्हणायचं होतं.

बाबा म्हणाले, दाराबाहेर तुझा आवाज आला म्हणून कडी काढली, धावत बाहेर आलो, तर तू नव्हतीस गं. नुसता आवाज. कुठे होतीस?

चला घरी, म्हटलं मी.

बाबांचा चेहरा पडला. त्यांना कळलं. त्यांनाच तर कळणार.

हात अजून माझा आहे. लिहिता येतंय. दातांखाली धूळ लागते, पाण्याने जात नाही. डोळे मिटले की वारा. लोखंड. बाबा, तिथे आता अंधार नाही, मी दिवा लावलाय ना — खुर्ची आहे —

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळ. खिडकीतून ऑफिस दिसतंय. माणसं आत जातायत. ताई फाटकाशी उभी आहे, वर आमच्या खिडकीकडे बघतेय.

बाबा माझे केस विंचरतायत. थांबतच नाहीत बोलायचे. अर्ध्या मिशीचा किस्सा. मी हसावं म्हणून. हसू येतंय मला, बाबा, आतून खूप — शेजारीण डोकावली. मी समोर बसलेय तरी बाबा तिला म्हणाले की माझी मुलगी बाहेर गेलीये. दिसली तर सांगा, मी इथेच आहे. पाठ नव्हतं केलेलं. स्वतःचं म्हणाले.

बाबा, कंगवा थांबवू नका. मला सांगायचंय की तुमची बडबड मला कधीच —

मला तुमची —

बाबा, मी आले.

दार उघडा.

घाबरू नका.

बाबा, मी आले. दार उघडा. घाबरू

बाबा, मी आले. दार

बाबा, मी