चंद्रीचा पान्हा

मखमलाबाद, नाशिक
ता. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप भारतदादास,
धाकट्या भाग्यश्रीचा नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. कोथिंबीर काढून झाली, शेवंती बरी आहे, आईचा गुडघा तेवढा थंडीने धरलाय.

परवा फोनवर एवढा ओरडलास की मला तोंड उघडता आलं नाही. त्यानंतर उचलतही नाहीस. म्हणून पत्र लिहितेय. कागद मध्येच कट करता येत नाही.

"चव्हाट्यावर क्लॅरिनेट फुंकून घराची अब्रू घालवलीस," म्हणालास. चव्हाटा कसला रे? रंगनाथचं अंगण होतं ते. आबांच्या तेराव्याला, मला न विचारता, तू आपली चंद्री त्या निफाडच्या रंगनाथला विकलीस. माणूस भला आहे. पण म्हैस विकताना तिची सवय सांगायची असते, ती तू सांगितली नाहीस. पहाटे गोठ्यापुढे रियाज चालायचा एवढं तुला माहीत. त्या सुरावरच चंद्री पान्हा सोडते, हे तुला कुठून माहीत असणार? सुतकाचे दिवस मी तिच्या कानाशी गुणगुणून निभावले होते.

पाचव्या दिवशी रंगनाथचा फोन. "ताई, वाटीभर बी दूध नाय. पेंड घातली, रेडकू सोडलं, तर लाथा झाडती. तिकडं तिला काय लागत व्हतं?"

"क्लॅरिनेट," मी म्हटलं.

तो खो खो हसला. दुसऱ्या दिवशी मात्र मोटरसायकल घेऊन दारात हजर. मी गेले. त्याची आई वत्सलाबाई बादली घेऊन बसली, मी अंगणात उभी राहिले आणि क्लॅरिनेटची पत्ती ओली करून सूर लावला. चंद्रीने आधी रवंथ थांबवलं. मग कान टवकारले, मान वळवली आणि अशी रेकली की माझाच सूर हलला. "बया गं, आली की धार!" वत्सलाबाई ओरडली. सगळी गल्ली गोळा झाली, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो मनमाडला तुझ्यापर्यंत पोचला. बाईमाणसाचे गाल असे फुगलेले बरे दिसत नाहीत, असं तुझं म्हणणं. आबांचे फुगायचे तेव्हा काय बेसनलाडू दिसायचे?

आता मुद्द्याचं. पुढच्या रविवारी श्रद्धांजलीला तुला क्लॅरिनेट हवंय. तुझ्या बँडच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवणार, वर हार, खाली पाटी : "वाजवता वाजवता गेले." देणार नाही. एकदा नाही, दहादा सांगते, देणार नाही.

का, ते सांगणार नव्हते. आबांना शब्द दिला होता. पण त्या पाटीपुढे तो शब्द मला पाळवत नाही.

तीन वर्षं तू रोज पहाटे सहाला आबांचा रियाज ऐकायला फोन लावायचास. मी तो गव्हाणीवर ठेवायचे. तिकडे तू स्पीकर लावून तुझ्या बँडवाल्यांना सांगायचास, "ऐका, चौऱ्याहत्तराव्या वर्षीचा दम!" दादा, तो दम माझा होता. छातीच्या दुसऱ्या दुखण्यातच आबांचं फुंकणं संपलं. ते शेजारी खाटेवर बसून मांडीवर ताल धरायचे, मी चुकले की डोळे वटारायचे. माझं झालं की फोन कानाला लावून धापा टाकत विचारायचे, "कसं वाटलं?" तुला वाटायचं, वाजवून दमलेत. आईला विचार हवं तर.

एकदा तू म्हणालास, "हल्ली मोत्या मध्येच का रडतो?" आबांच्या वाजवण्याला तो कधी रडला नव्हता. वरचा सूर मी जरा जास्त ताणते, तेव्हा तो मान वर करून गळा काढतो. कुत्र्याला कळलं, म्हशीला कळलं. बँडमास्तर असून तुला नाही कळलं.

एकोणिसाव्या वर्षी मी तुझ्याकडे बँडमध्ये जागा मागितली होती. "मुलगी वरातीत फुंकणार?" म्हणून हसला होतास. माझा सूर तुला तीन वर्षं चालला. मी चालले नाही.

आणि शेवटची सकाळ. आबा खाटेवर आडवेच होते. हाताने खूण केली, वाजव. मी वाजवलं. मांडीवरचा ताल मध्येच थांबला, मला समजलं, तरी मी थांबले नाही. संपल्यावर फोन मीच उचलला, तर तू म्हणालास, "आज आबांनी कमाल केली!" मी फोन बंद केला आणि आईला हाक मारली. गेले ते ऐकता ऐकता गेले, दादा. मला ऐकता ऐकता. एवढं एकच मला मिळालंय, ते तुझ्या पाटीला देणार नाही.

रविवारी येतेय. क्लॅरिनेट घेऊन येतेय, पेटीत ठेवायला नाही. तुझ्या दुकानापुढे रस्त्यावर उभी राहून वाजवणार आहे, गाल फुगवून, वरचा सूर ताणून. ओळख पटली तर बाहेर ये, आणि तुझ्या बँडमध्ये पुढच्या रांगेत जागा कर. नाही पटली तर पुढच्या खेपेला रंगनाथच्या टेम्पोतून चंद्रीला घेऊन येईन, ती सांगेल.

जिला तू तीन वर्षं रोज सकाळी "वा, आबा!" म्हणालास,
ती तुझी बहीण,
भाग्यश्री