टँकरचा मंगळवार

सौ. छबुअक्का, पुण्याहून पाया पडतो.

काल कामावर औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांच्या यादीत आपल्या गावच्या जाईच्या आईचं नाव दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. मी खुशाल हाय; जाईला एवढंच सांग.

आमचे साहेब संख्याशास्त्राचे डॉक्टर. नवी गोळी मेंदूला लागू पडते का, ते स्कॅन मोजून ठरवतात. काकू दुसऱ्या स्कॅनला गेल्या न्हाईत, तर साहेबांनी शेरा मारला: ‘उपचारात रस नाही.’ म्हणजे गोळ्या बंद. त्यांचा हात अजून थरथरतो का गं?

मी म्हणालो, “साहेब, मंगळवारी आमच्या उमापुरात पाण्याचा टँकर येतो. पाणी सोडून स्कॅनला कोण जाईल? स्कॅनचा वार बदला.”

“कॉलेज अर्धवट सोडलेला मला शिकवणार? नाव खोड.”

“नळाखाली बसून दुष्काळ मोजा तुमी!” म्हणालो, आणि नाव न खोडताच दार आपटून निघालो.

तुझा शहादेव